पोचलेल्या मालाची नोंद नसते

2010 साली जिता नावाच्या सिस्टीममध्ये केस्ट्रेल जातीचे एक जहाज फुटले. केस्ट्रेल म्हणजे नवशिक्याच्या हाती सुरुवातीलाच येणारे, चिमुकले, स्वस्तातले जहाज. अशी जहाजे रोज फुटतात आणि कोणी मान वर करून पाहत नाही. पण या जहाजाच्या पोटात 74 प्लेक्स होते. प्लेक्स हा तेव्हा ईव्ह ऑनलाइन या खेळाच्या वर्गणीचा हुंडीवजा कागद होता: खरे पैसे मोजून घ्यायचा, खेळातल्या चलनात विकायचा, आणि घेणाऱ्याने तो वटवून महिनाभर खेळायचे. खऱ्या चलनात मोजला तर तो माल बाराशेहून अधिक डॉलरांचा होता. दोघांनी मिळून जहाज फोडले. त्यांच्या हाती एकही प्लेक्स लागला नाही. सगळे जहाजाबरोबर जळाले. बातमी जगभर गेली.

त्याच दिवशी त्याच जितामधून हजारो जहाजे आली आणि गेली. कोणाच्या पोटात खनिज होते, कोणाच्या दारूगोळा, कोणाच्या अर्धवट बांधलेल्या मोठ्या जहाजांचे भाग. ती सुखरूप पोचली, आणि त्यांच्याविषयी आज कोणालाही काहीही माहीत नाही.

ईव्हमध्ये जहाज फुटले की त्याची पावती निघते. कोणाचे जहाज, कुठे, किती वाजता, कोणी कशाने मारले, पोटात काय होते, त्यातले काय जळाले आणि काय उरले, हे सगळे त्या पावतीवर असते. अशा लक्षावधी पावत्या कोणालाही चाळता येतात. पोचलेल्या खेपेची पावती मात्र कुठेच जमा होत नाही. त्यामुळे मालवाहतुकीचा जो काही इतिहास आज उपलब्ध आहे, तो लुटणाऱ्यांच्या वहीतून उतरवलेला आहे. प्रस्तुत पुस्तकाच्या लेखिकेने वाहणाऱ्यांची वही लिहायला घेतली, हे मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे काम वाटते. म्हणूनच चार पाने लिहून द्या म्हटल्यावर मी आढेवेढे घेतले नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. आइसलँडमधल्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी या कंपनीने 6 मे 2003 रोजी ईव्ह ऑनलाइन सुरू केला. त्याचे वेगळेपण असे की जगभरचे बहुतेक सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात; पुण्याचा खेळाडू आणि पोलंडचा खेळाडू एकाच बाजारात एकाच खनिजासाठी भाव करतात. या विश्वात पाच हजारांहून अधिक सिस्टीम, म्हणजे सूर्यमाला, आहेत आणि एकीतून दुसरीत जायला गेट आहेत. गेट म्हणजे आपला टोलनाकाच समजा, फक्त टोल घेणारा कोण असेल याची खात्री नसते. जहाजे, तोफा, इंधन, बहुतेक सगळे खेळाडूच बनवतात. खनिज एकीकडे खणले जाते, कारखाना दुसरीकडे असतो, युद्ध तिसरीकडे चालते आणि बाजार जितामध्ये भरतो. मुद्दा एवढाच की माल आपोआप कुठेही जात नाही. दुसऱ्या खेळांत नायकाच्या झोळीत अख्खे गाव मावते आणि बटण दाबले की झोळीसकट तो घरी पोचतो. इथे प्रत्येक घनमीटर कोणीतरी वाहून न्यावा लागतो.

आता ‘सुरक्षित’ या शब्दाकडे वळू. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त नुकसान या एका शब्दाने केले आहे.

प्रत्येक सिस्टीमला सुरक्षिततेचा एक आकडा असतो. 1.0 पासून 0.5 पर्यंत ‘उच्च सुरक्षा’, त्याखाली 0.1 पर्यंत ‘कमी सुरक्षा’, आणि पुढे शून्य व त्याखालचा मुलूख, जिथे कायदा नाही. उच्च सुरक्षेच्या हद्दीत कोणी विनाकारण गोळी झाडली तर काँकॉर्ड नावाचे पोलीस येतात. त्यांच्यापुढे कोणाचाही टिकाव लागत नाही, हल्लेखोराचे जहाज नष्ट होतेच. नवा खेळाडू हे वाचतो आणि निर्धास्त होतो. पण काँकॉर्ड येते ते गोळी झाडल्यानंतर. 1.0 मध्ये काही सेकंदांत येते, 0.5 मध्ये वीसेक सेकंद लागतात. म्हणजे हे पोलीस पहारा देत नाहीत, सूड घेतात. तुमचे जहाज त्या वीस सेकंदांत फुटले तर पोलीस अगदी वेळेवर पोचतात, पंचनाम्याला.

वाटमारीचा सगळा धंदा या वीस सेकंदांत बसवलेला आहे. खेळाडू त्याला गँक म्हणतात. कॅटॅलिस्ट नावाची स्वस्त, जवळून जबर मारा करणारी जहाजे दहा-वीस-तीस जमवायची, ती सगळी मरणार हे धरूनच चालायचे आणि पोलीस येण्याआधी मालवाहू फोडायचे. जहाज फुटले की पोटातल्या प्रत्येक ढिगाचे नशीब वेगळे ठरते: निम्मी शक्यता जळण्याची, निम्मी उरण्याची. 74 प्लेक्सचे तेच झाले. त्यामुळे गँकर कधीही पूर्ण मालाची किंमत धरत नाही, निम्मी धरतो. समजा तुमच्या पोटात 300 कोटींचा माल आहे. त्याच्या लेखी तो 150 कोटींचा. तुम्हाला फोडायला त्याची 40 कोटींची जहाजे मरणार असतील तर तो हसत मारील. तोच माल तुम्ही पाच खेपांत विभागला, तर दर खेपेला त्याच्या हिशोबात 30 कोटी येतात आणि खर्च 40 कोटी. मग तुम्ही समोरून गेलात तरी तो चहा घेत बसेल. (ही रक्कम इस्क या खेळातल्या चलनाची आहे, आपली मंडळी अब्जाला ‘बिल’ म्हणतात, तेव्हा कोणी दोन बिल बुडाले म्हणून हळहळला तर लाइटबिल समजू नका.)

माल सुखरूप नेण्याची सगळी विद्या मला या एका बेरीज-वजाबाकीत दिसते. चिलखत, वेग, लपणे, सोबती हे सगळे त्या हिशोबातला खर्चाचा रकाना वाढवण्याचे मार्ग आहेत. अभेद्य जहाज या खेळात नाही. लुटायला परवडणार नाही असे जहाज मात्र करता येते.

हे शहाणपण एका दिवसात आले नाही. पहिल्याच वर्षी, 2003 मध्ये, नावात शून्य घालून लिहिणाऱ्या ‘मू’ नावाच्या टोळीने मारा नावाच्या सिस्टीमच्या बाजूचा रहदारीचा रस्ता अडवून असा धुमाकूळ घातला की शेवटी खेळ चालवणाऱ्यांना मध्ये पडावे लागले. त्या काळातला वाहतूकदार म्हणजे लहान मालवाहू घेऊन चार सशस्त्र मित्रांच्या मागे चालणारा बैलगाडीवाला. 2005 मध्ये फ्रेटर आले: कॅरॉन, ओबेलिस्क, फेनरिर, प्रॉव्हिडन्स. एका खेपेत लाखो घनमीटर माल, पण अंगावर एकही तोफ नाही आणि वळायला पाऊण मिनिट. घाऊक वाहतूक त्या दिवशी सुरू झाली आणि घाऊक वाटमारीही. 2007 च्या अखेरीस जंप फ्रेटर आले. त्यांना रस्त्याची गरजच नाही. दुसऱ्या टोकाला कोणी सायनो पेटवला, म्हणजे दिशादर्शक दिवा लावला, की ती प्रकाशवर्षांची मजल एका उडीत मारतात. शून्य मुलखातली मोठी साम्राज्ये उभी राहिली त्यामागे या जहाजांचा हात युद्धनौकांइतकाच आहे, असे माझे मत. युद्धाच्या कथा सांगणारे ते सहसा मान्य करीत नाहीत.

एक गोष्ट आज सांगितली तर खोटी वाटते. 2011 च्या नोव्हेंबरपर्यंत वाटमाऱ्याचे जहाज पोलिसांनी उडवले तरी त्याला विम्याचे पैसे मिळत. गुन्हा करायचा, पोलिसांकडून मार खायचा आणि विमा कंपनीकडून भरपाई उचलायची! ते बंद झाल्यावर लूटमार थांबेल असे पुष्कळांना वाटले. थांबली नाही, फक्त हिशोबातला एक आकडा बदलला. पुढच्याच एप्रिलमध्ये गूनस्वार्म या आघाडीने ‘बर्न जिता’ नावाने खुद्द बाजारपेठेला वेढा घातला आणि फ्रेटरमागून फ्रेटर फोडले. आधी जाहीर करून केलेला हा प्रकार खेळाच्या नियमांत बसत होता, त्यामुळे कंपनीने तो थांबवला नाही. त्याच सुमारास ‘न्यू ऑर्डर’ नावाच्या गटातले लोक खाणकामगारांना वर्षाला एक कोटी इस्कचे परवाने विकू लागले, परवाना नाही तर जहाज नाही. आपल्या वाचकाला इथे चौथाई आठवेल. आठवू द्यावी, पण उपमा फार ताणू नये, कारण या मंडळींच्या परवान्याचा उद्देश महसुलापेक्षा टवाळी हाच जास्त होता.

वाटमाऱ्यांची एक युक्ती फार काळ टिकली: धक्के मारणे. मॅकॅरिएलसारखे भरधाव जड जहाज फ्रेटरवर आदळवत राहायचे. ईव्हमध्ये आदळल्याने इजा होत नाही, म्हणून तो गुन्हाही नाही. पण फ्रेटरची दिशा चुकत राहते, त्याला वार्प, म्हणजे सिस्टीममधली लांबची झेप, पकडता येत नाही आणि तोवर टोळी जमते. असे तासतास चालायचे. शेवटी नियम झाला की तीन मिनिटे प्रयत्न केल्यावर कितीही धक्के बसले तरी जहाज सुटतेच. त्या नियमाआधी धक्के खाल्लेल्यांना ही तीन मिनिटे चैन वाटतात.

आज या विद्येत ढोबळमानाने चार घराणी दिसतात. चारही घराण्यांतले लोक एकमेकांना मूर्ख समजतात.

पहिले घराणे फ्रेटरवाल्यांचे. 2014 मध्ये फ्रेटरना तीन साधने बसवायची सोय झाली आणि तिथे यांची कसोटी लागते: पोट वाढवायचे की पाठ? लोभी माणूस तिन्ही जागी माल वाढवणारे साधन बसवतो, त्याचे पोट दहा लाख घनमीटरांच्या पुढे जाते आणि कवच अंड्याचे होते. जाणता माणूस कवच बसवतो आणि सोबतीला जलद छोट्या जहाजातला मित्र घेतो. या मित्राचे काम चमत्कारिक आहे. तो आपल्याच फ्रेटरवर वेब, म्हणजे वेग कमी करणारे जाळे, टाकतो. वार्प लागायला जहाजाने आपल्या कमाल वेगाच्या 75 टक्के गाठावे लागतात. जाळ्याने कमाल वेगच खाली आला की फ्रेटर रांगत असतानाच त्या नव्या, छोट्या कमाल वेगाच्या 75 टक्क्यांपलीकडे असतो आणि पाऊण मिनिटाचे काम दोन-तीन सेकंदांत होऊन तो निसटतो. ज्या दोराने बैल बांधायचा त्यानेच तो सुटतो! लेखिकेने या युक्तीवर लिहिलेला भाग मी तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा तरी जुन्या सवयीची लाज वाटली.

दुसरे घराणे लपून जाणाऱ्यांचे. क्रेन, व्हायटर, प्रोव्हलर, प्रोरेटर ही ब्लॉकेड रनर जहाजे अदृश्य राहूनच वार्प करतात, आणि त्यांच्या पोटात काय आहे हे कोणाच्या स्कॅनरला दिसत नाही. थोडा, पण मौल्यवान माल न्यायचा तर यांच्याशिवाय दुसरे नाव घेऊ नये. यांचे जाडजूड चुलतभाऊ म्हणजे डीप स्पेस ट्रान्सपोर्ट. त्यांना अदृश्य राहून वार्प करता येत नाही, पण लपण्याचे यंत्र आणि वेगाचे इंजिन योग्य क्रमाने दाबले तर उघड्या मैदानातूनही डोळ्यांत धूळ फेकून जाता येते. सर्व्हर सेकंदाला एकदा ठोका देतो आणि त्या ठोक्यांच्या मधल्या फटीत काय काय बसवता येते, यावर या घराण्याची सगळी तालीम चालते. तबलजींना हा भाग आवडेल.

तिसरे घराणे रस्ताच टाळणाऱ्यांचे: जंप फ्रेटरवाले, आणि वर्महोलवाले. 2009 मध्ये वर्महोलचा अज्ञात मुलूख उघडला आणि 2014 मध्ये थेरा नावाची प्रचंड सिस्टीम आली, जिच्यातून विश्वाच्या कुठल्याही कोपऱ्यात जाणारी, आज असलेली आणि उद्या नसलेली भगदाडे निघतात. सिग्नल कार्टेल नावाचा एक गट त्यांचे नकाशे बनवून सगळ्यांना फुकट देतो आणि स्वतः कोणावर गोळी झाडत नाही. अशा खेळात असे लोक आहेत हे मला अजून नवल वाटते. या घराण्याला पुस्तकात पाने कमी मिळाली आहेत, ही माझी तक्रार मी लेखिकेच्या कानावर घातली होती. ‘मला जेवढे येते तेवढेच लिहिते,’ असे उत्तर मिळाले.

चौथे घराणे स्वतः काहीच वाहत नाही. ते दुसऱ्याकडून नेववते. कुरिअर करारात माल बांधून दिला जातो, मुदत ठरते, बक्षीस ठरते, आणि वाहणाऱ्याला मालाइतकी अनामत आधीच भरावी लागते. माल पोचला की अनामत आणि बक्षीस दोन्ही हातात. नाही पोचला तर अनामत मालकाची. आपल्याकडे पूर्वी जोखमी हुंडी चाले: जहाज सुखरूप बंदराला लागले तरच हुंडीची रक्कम देय, म्हणजे धोका हुंडी घेणाऱ्याच्या माथी. ईव्हमध्ये तोच धोका वाहणाऱ्याच्या माथी येतो, आणि तरीही रेड फ्रॉग किंवा पुशएक्ससारख्या मंडळ्यांनी त्यावर वर्षानुवर्षे व्यवसाय उभा केला. मुंबईच्या आंगडियाला हे समजावून सांगावे लागणार नाही. तो फक्त विचारील, पाकिटात काय आहे हे न पाहता अनामत कशी भरता? प्रश्न रास्त आहे. कारण याच करारांत या खेळातल्या सर्वांत गोड फसवणुकी होतात: बक्षीस भरघोस, अनामत भरघोस, आणि पोचवण्याचे ठिकाण असे खासगी स्थानक की जिथे तुम्हाला आत घेणारच नाहीत. माल हातात, दार बंद, मुदत संपते, अनामत गेली. एकही गोळी न झाडता केलेली ही लूट आहे आणि तिची पावतीसुद्धा निघत नाही.

आज हे पुस्तक का, असा प्रश्न रास्त आहे. खेळ वीस वर्षांपुढे गेला आहे, जाणकार विखुरले आहेत. माझे उत्तर नियार्जा. जिता आणि अमार या दोन मोठ्या बाजारांमधला उच्च सुरक्षेचा रस्ता वर्षानुवर्षे नऊ उड्यांचा होता आणि त्यात नियार्जा नावाची 0.5 ची सिस्टीम लागायची. वाटमारे तिथेच बसत, आणि तरीही सगळे तिथूनच जात, कारण जवळचा रस्ता तोच. 2020 मध्ये ट्रिग्लॅव्हियन आक्रमणाच्या कथानकात खेळाडूंच्याच लढाईतून नियार्जा नकाशावरून उचलली गेली. सुरक्षित रस्ता एका फटक्यात चाळीस उड्यांच्या पलीकडे गेला. दोन बाजारांतले भाव एकमेकांपासून सुटले, भाडी बदलली, जंप फ्रेटरवाल्यांची चांदी झाली, आणि पंधरा वर्षे पाठ केलेले मार्ग निकामी झाले. पुढच्याच मार्चमध्ये सुएझच्या कालव्यात एव्हर गिव्हन आडवे झाले, आणि 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. त्या बातम्या वाचताना माझ्या ओळखीतला एक वाहतूकदार म्हणाला, हे तर आपण केलेले आहे. त्यात थोडी फुशारकी होती, पण एका चिंचोळ्या वाटेवर सगळे टाकले की काय होते, हे त्याच्या तळहाताला ठाऊक होते.

पुस्तक नवशिक्यांसाठी आहे, पण ते नियमपुस्तिका नाही. बटणे बदलतात, कुठले साधन कुठे बसवायचे हे दोन वर्षांत जुने होते. लेखिकेने बटणांमागचा विचार धरला आहे. तिने गँकरांशीही बोलून घेतले आहे. त्यांच्या तोंडून ऐकू येणारी एक गोष्ट मला सर्वांत बोधप्रद वाटली: ते जहाज निवडत नाहीत, ते निष्काळजीपणा निवडतात. युडामा नावाच्या सिस्टीममधल्या गेटवर बसलेला माणूस शंभर जहाजे स्कॅन करतो आणि ऑटोपायलटवर टाकून गेलेल्याची वाट पाहतो. ऑटोपायलट जहाजाला गेटच्या काही किलोमीटर अलीकडे उतरवतो आणि मग तिथून ते रांगत जाते. हे मी ऐकीव सांगत नाही. एकदा जहाज ऑटोपायलटवर टाकून मी दूध उतू जातेय म्हणून स्वयंपाकघरात धावलो होतो. दूध वाचले.

भारतातल्या वाचकांसाठी एक फायद्याची गोष्ट पुस्तकात तळटीपेत आहे, मी ती वर काढतो. ईव्हचा सर्व्हर रोज जागतिक प्रमाणवेळेनुसार (यूटीसी) सकाळी अकरा वाजता थोडा वेळ बंद होतो. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार झालेले असतात. तो पुन्हा सुरू होतो तेव्हा अमेरिका झोपलेली किंवा नुकती उठत असते, युरोप कामावर असतो, आणि टोळ्या अजून जमलेल्या नसतात. युरोपातल्या वाहतूकदारांना या वेळेसाठी रजा टाकावी लागेल; आपल्याला फक्त चहा जरा लवकर ठेवावा लागतो.

हस्तलिखित वाचून झाल्यावर ते खरे ठरते का पाहावे म्हणून गेल्या आठवड्यात मी एक खेप घेतली. माल पाच भागांत वाटला, कवच बसवले, सोबतीला भाच्याला घेतले आणि त्याला जाळे टाकायला शिकवले. पावणेपाचला निघालो. युडामाच्या गेटवर चार कॅटॅलिस्ट उभी होती. त्यांतल्या एकाने स्कॅन केले, आम्ही वार्प झालो, आणि सव्वासहाला मी दोडिक्सी नावाच्या सिस्टीममध्ये माल उतरवत होतो. भाचा म्हणाला, ‘मामा, काहीच झालं नाही की.’